गोळी एकच असू दे, पण आत काय काय आहे ते मराठीत लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी वडील होते तेव्हापासून येतोय, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. जरा लांबलंय. जागेसाठी कापलंत तरी चालेल, फक्त गोळ्यांची नावं आणि त्यांचे आकडे कापू नका, कारण सगळा घोळ तिथंच झालेला आहे.

माझी आई ७१ वर्षांची, कोरेगाव तालुक्यात गावी दादा-वहिनीजवळ असते. मी पुण्यात, शाळेत शास्त्र शिकवते. आईला बीपी आहे हे कळलं तेच मुळी आशाताईंमुळे. २०१७ च्या अखेरीला आयसीएमआर, केंद्र सरकार आणि राज्य सरकारं यांनी मिळून उच्च रक्तदाबाचा जो मोठा कार्यक्रम सुरू केला त्यात आपल्याकडचे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते, त्यामुळे आमच्या भागात उपकेंद्रात बीपी बघणं, कार्ड भरणं, महिन्याच्या ३० गोळ्या फुकट देणं हे बऱ्याच लवकर चालू झालं. आईला ॲम्लोडिपिन ५ ची एक पांढरी गोळी मिळायची. ती तिला "सरकारी गोळी" म्हणते. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, आणि महिन्याचा दिवस ती एकदासुद्धा चुकवायची नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं वाचून कुणी म्हणेल की म्हातारी माणसं गोळ्या नीट घेत नाहीत म्हणून असं होतं. माझी आई गोळ्या नीट घेते. नीट घेतल्या म्हणूनच हे झालं.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला ती माझ्याकडे आली होती. गौरी जेवणाच्या दिवशी पुरणावरणाचा घाट घालून दुपारी तिचं डोकं ठणकायला लागलं, जवळच्या दवाखान्यात नेलं तर बीपी १७८/१०२. डॉक्टरांनी विचारलं आधी काय चालू आहे, मी म्हटलं बीपीची एक गोळी आहे सरकारी, नाव माहीत नाही, कार्ड गावी. त्यांनी नवीन गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "आता रोज सकाळी ही एकच घ्यायची." या "एकच" शब्दावर मी नंतर कितीतरी रात्री विचार केलाय. त्यांना म्हणायचं होतं की बाकीची बंद, आता फक्त ही. मी ऐकलं की दिवसातून एकदा. आईनं पण तेच ऐकलं. मराठीत दोन्ही अर्थ होतात हो.

त्या एका गोळीत तीन औषधं होती, टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५ आणि क्लोरथॅलिडोन साडेबारा. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. पाकिटावर कंपनीनं ठेवलेलं नाव मोठ्ठं, त्याच्यापुढे इंग्रजीतली दोन-तीन अक्षरं, आणि आतली औषधं मागच्या चकाकत्या बाजूला इतक्या बारीक इंग्रजीत की मी चष्मा लावूनही वाचली नाहीत. खरं म्हणजे वाचायला गेलेच नाही, बीपीची गोळी ती बीपीची गोळी असं मनात होतं.

आई गावी परत गेली. सरकारी गोळी चालूच, कारण ती बंद कर असं कुणी तिला सांगितलेलं नाही, आणि उपकेंद्रातल्या ताईंना पुण्याचं काही कळलेलं नाही. सकाळी एक पांढरी, एक नवी. मग मी इकडून दोन महिन्यांची पाकिटं घेऊन मावसभावाबरोबर पाठवली. आणि तिकडे दादानं, संपायला आली असतील म्हणून, चिठ्ठीचा मोबाइलवरचा फोटो दाखवून तालुक्याच्या मेडिकलमधून आणली. त्यांच्याकडे ती कंपनी नव्हती, "त्यातलंच आहे, घेऊन जा" म्हणाले आणि दुसऱ्या कंपनीची दिली. ते खोटं बोलले नाहीत, त्यातलंच होतं, अगदी तीच तीन औषधं तेवढ्याच मात्रेत. पण नाव वेगळं, रंग वेगळा, पुण्याची गोळी गोल पिवळी आणि ही लांबट गुलाबी. आईनं विचार केला, लेकीनं एक पाठवलीय, लेकानं एक आणलीय, दोन्ही डॉक्टरांनी लिहिलेल्या असणार. तिनं दोन्ही घेतल्या. पांढरी धरून तीन.

मी फळ्यावर मांडते तसं मांडते. ॲम्लोडिपिन ५ तिन्ही गोळ्यांत, म्हणजे १५ मिलिग्रॅम, जेव्हा मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मात्रा १० आहे. टेल्मिसार्टन ४० दोनदा, म्हणजे ८०. क्लोरथॅलिडोन साडेबारा दोनदा, म्हणजे २५, आणि हे क्लोरथॅलिडोन म्हणजे आपण ज्याला लघवीची गोळी म्हणतो त्यातलं औषध, ते शरीरातलं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढतं.

आधी पाय सुजले. घोट्यापाशी बोट दाबलं की खड्डा पडायचा. ॲम्लोडिपिन जास्त झालं की असं होतं हे मला आता माहितीय, तेव्हा आम्हाला वाटलं वय झालं, गुडघ्यांमुळे असेल. गुडघ्यांसाठी म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली गेली. संपादक साहेब, टेल्मिसार्टनसारखं औषध, लघवीची गोळी आणि वर डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी, ही तीन एकत्र आली की किडनीवर ताण येतो, हे औषधशास्त्रात चांगलं माहीत असलेलं आहे, पण आमच्या गावच्या कट्ट्यावर ते कुणाला माहीत असणार. शिवाय दुखण्याच्या गोळीनं बीपी वाढतो तो वेगळाच.

मग दिवाळीच्या आठवडाभर आधी आईला जेवण जाईना, मळमळायला लागलं, बोलताना अडखळायला लागली. वहिनीनं फोनवर सांगितलं की आई आज तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या, काय करायचं ते आठवेना. दुसऱ्या दिवशी पहाटे आई अंगणात पडली. साताऱ्याला नेलं. रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, ११६ होतं, जे १३५ ते १४५ असायला पाहिजे. मी पुण्याहून पोचले तर तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" याच्यापुढे मला लिहवत नाही.

पाच दिवसांनी ती माणसात आली. तिथल्या डॉक्टरांनी दादाला सांगितलं घरातल्या सगळ्या गोळ्या आणा, आणि त्यांनी ती देव्हाऱ्याखालची पिशवी कॉटवर पालथी केली, एकेक पाकीट उलटं करून मागचं बारीक वाचत गेले, आणि म्हणाले, "ही आणि ही एकच आहे. आणि ही पांढरी या दोन्हीच्या पोटात आहे." दादा खालीच बसला. ती पाकिटं आम्ही दोघांनी आणलेली होती, दोघांनी प्रेमानंच आणली होती.

आता मुद्द्यावर येते. आई घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच सल्ला द्यायला लागला, की कॉम्बिनेशनच्या गोळ्या वाईट, त्या बंद करा, साध्या घ्या. आत्यांनी तर सांगितलं की सरकारनंच बंदी घातलीय कॉम्बिनेशनवर. शेजारच्या काकांनी तेवढं ऐकून स्वतःची चालू असलेली गोळी बंद केली, आणि हे ऐकून मला जास्त भीती वाटली, म्हणूनच पत्र लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. पण झालं ते इतकं लागलं की पुढचे दोन-तीन महिने रोज रात्री मिळेल ते वाचत बसले, ओळखीच्या दोन डॉक्टरांना विचारून विचारून हैराण केलं, आणि मला जे समजलं ते असं आहे की बीपीसाठी दोन औषधं एका गोळीत घेणं ही चूक नाही, उलट बऱ्याच लोकांसाठी तेच बरोबर आहे.

बंदीचं आधी सांगते. मार्च २०१६ मध्ये ३४४, सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ अशा मिश्र औषधांवर केंद्र सरकारनं बंदी घातली हे खरं आहे, पण ती ज्या मिश्रणांना शास्त्रीय आधार नाही त्यांच्यावर. टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन हे मिश्रण त्यातलं नाही, उलट जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत बीपीच्या मिश्र गोळ्या पहिल्यांदा घातल्या आणि त्यात हे मिश्रण आहे. २०२१ मध्ये त्यांनी बीपीच्या औषधांची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात तर म्हटलंय की औषध सुरू करतानाच दोन गटांतली औषधं मिळून सुरू करायचा विचार करा आणि शक्यतो ती एकाच गोळीत द्या. मिश्र गोळी म्हणजे कंपन्यांनी पैसे काढायला केलेली भानगड असं माझं स्वतःचंही मत होतं, ते मला बदलावं लागलं.

कारण समजून घेतलं की पटतं. बीपी वाढतो तो एका कारणानं नाही, रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, किडनीतून निघणारी रसायनांची एक साखळी त्या आणखी आवळते, अंगात मीठ-पाणी साठलेलं असतं. ॲम्लोडिपिन वाहिन्या सैल करतं, टेल्मिसार्टन ती साखळी अडवतं, लघवीची गोळी मीठ काढते. एकाच दारातून ढकलत बसलं तर शरीर दुसऱ्या दारानं परत बीपी वर आणतं. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००९ मध्ये काढलेला हिशोब असा आहे की एकाच औषधाची मात्रा दुप्पट केली तर जेवढा जादा फरक पडतो त्याच्या साधारण पाचपट फरक दुसऱ्या गटातलं औषध जोडल्यानं पडतो. आणि एखाद्या गोळीची मात्रा निम्मी केली तरी परिणाम निम्मा होत नाही, पूर्ण मात्रेच्या ८० टक्क्यांच्या आसपास राहतो, त्रास मात्र बऱ्याच गोळ्यांचा मात्रेबरोबर वाढतो. म्हणजे दोन औषधं थोडी थोडी घेणं हे एक औषध भरपूर घेण्यापेक्षा शहाणपणाचं. पायाच्या सुजेचं तर मला नवलच वाटलं, नुसत्या ॲम्लोडिपिननं जी सूज येते ती सोबत टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध असलं तर कमी येते, कारण ॲम्लोडिपिन फक्त आत येणाऱ्या बारीक वाहिन्या सैल करतं आणि दुसरं औषध बाहेर जाणाऱ्याही सैल करतं, पाणी तुंबत नाही.

आणि हे सगळं पाश्चात्त्य देशांतल्या लोकांवरचं आहे असंही नाही. श्रीलंकेत ७०० लोकांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, तीन औषधं कमी मात्रेत एका गोळीत दिली, टेल्मिसार्टन २०, ॲम्लोडिपिन अडीच, क्लोरथॅलिडोन साडेबारा. सहा महिन्यांनी त्या गोळीवाल्यांपैकी ७० टक्के लोकांचा बीपी आटोक्यात होता आणि नेहमीच्या पद्धतीनं औषध चालू असलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांचा. आपल्या भारतात दिल्लीच्या एम्सनं आणि इतर संस्थांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजबरोबर टॉपस्पिन नावाचा अभ्यास केला, ३२ दवाखाने, १,९८१ माणसं, तीन वेगवेगळ्या जोड्या, प्रत्येक जोडी एका गोळीत. तिन्ही जोड्या सारख्याच चालल्या आणि सहा महिन्यांत ७० टक्क्यांच्या आसपास लोकांचा बीपी १४०/९० च्या खाली आला. आता याच्या शेजारी आपल्या देशाचा आकडा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात ३० ते ७९ वयाचे बीपीवाले भारतात १८ कोटी ८० लाखांच्या घरात आहेत आणि ज्यांचा बीपी आटोक्यात आहे ते जेमतेम १५ टक्के. ७० आणि १५. हे वाचल्यावर मी आत्यांना फोन करून सांगितलं की कॉम्बिनेशन बंद करा असं कुणालाही म्हणू नका.

एक गोष्ट वाचताना मला फार भारी वाटली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. बीपीवर औषध देऊन माणूस खरंच वाचतो हे ज्या अभ्यासानं पहिल्यांदा पक्कं दाखवलं तो अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत एडवर्ड फ्रीस यांनी केला, १९६७ मध्ये छापून आला. १४३ माणसं, सगळ्यांचा खालचा बीपी ११५ ते १२९. निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटी गोळी. खोटी गोळीवाल्यांत २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषधवाल्यांत दोघांना. आणि ते औषध म्हणजे एक औषध नव्हतंच, तीन औषधं मिळून होती, त्यातलं एक रिसर्पिन. हे रिसर्पिन आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून काढलेलं. त्या सर्पगंधेचा बीपीवर काय परिणाम होतो हे रुग्णांवर नीट बघून १९४९ मध्ये जगासमोर मांडलं ते आपल्या मुंबईच्या केईएममधल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी, पुढे १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं. म्हणजे मिश्र औषध हे काही कालपरवाचं फॅड नाही, बीपीच्या उपचाराची सुरुवातच तिथून आहे आणि तिची एक मुळी इथं आपल्याकडे आहे. माझ्या नववीच्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता. (म्हणून कुणी सर्पगंधा उगाळून घ्यायला लागू नका, रिसर्पिननं माणूस उदास होऊ शकतो असं म्हणतात, आता ते फारसं वापरत नाहीत.)

मग आईचं जे झालं त्यात दोष कशाचा, तर आत काय आहे ते झाकलेलं असण्याचा. एक औषध एक गोळी असं असतं तेव्हा माणूस रंगावरून, आकारावरून कसंबसं ओळखतो. एका गोळीत दोन-तीन औषधं गेली की नाव बघून काही कळत नाही, आणि आपल्याकडे एकेका मिश्रणाची ढीगभर नावं. पुढे ए-एम लावलं की ॲम्लोडिपिन, एच लावलं की हायड्रोक्लोरोथायझाइड (ही पण लघवीची गोळीच), सी-टी लावलं की क्लोरथॅलिडोन, हे माहीत असायला तो धंदा माहीत पाहिजे. त्यातही बरीच नावं अशी की शेवटचं एक अक्षर बदललं की औषध बदललं. घाईच्या वेळी काउंटरवरच्या पोरानं एका अक्षराची चूक केली तर लघवीची गोळी जिला नको तिला मिळते.

नियम नाही असं नाही. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नियम केला, १३ सप्टेंबर २०१८ पासून लागू, की औषधाचं मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा दोन फाँटनं मोठं छापायचं. चांगला नियम आहे. पण त्यातून व्हिटॅमिनची मिश्रणं वगळली आणि तीन किंवा त्याहून जास्त औषधांची मिश्रणंही वगळली. म्हणजे जिथं गोंधळ सगळ्यात जास्त तिथंच सूट! आईची गोळी तीन औषधांची होती. तीन नावं मोठ्या अक्षरात मावत नाहीत असं कारण असेल तर मी म्हणते कंपनीचं नाव बारीक करा, ते आम्हाला कशाला पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड आलाय, तो स्कॅन केला की मूळ नाव दिसतं म्हणतात, दिसत असेल, पण आईकडे बटणांचा फोन आहे आणि गावात असे फोन पुष्कळ आहेत.

आणि भाषा. दादा घेवड्यावर फवारणी करतो, त्या औषधाच्या बाटलीबरोबर घडी घातलेला कागद येतो, त्यात मराठीत लिहिलेलं असतं किती मिलीला किती पाणी, बाटलीवर लाल-पिवळा-निळा-हिरवा रंग असतो, कुठलं किती विषारी ते न वाचताही कळावं म्हणून. घेवड्याला फवारायच्या औषधाची माहिती मराठीत आणि आईच्या पोटात जाणाऱ्या औषधाची नाही. दादानंच हे मला दाखवलं, दोन्ही हातात धरून. आई चौथी शिकलेली आहे, तुमचा पेपर ती रोज वाचते, शब्द शब्द लावून पण वाचते. "टेल्मिसार्टन" हा शब्द देवनागरीत लिहिला तर तिला वाचता येतो, मी बघितलंय. तिला त्याचा अर्थ कळायची गरजच नाही, दोन पाकिटांवर एकच शब्द आहे एवढं दिसलं असतं तरी तिनं दादाला विचारलं असतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की मिश्र गोळीच्या पाकिटावर आतल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा ठळक छापावी, तीन औषधं असोत नाहीतर चार, आणि आपल्या राज्यात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ती देवनागरीत असावी. पाकीट म्हणजे कापल्यावर उरलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावरसुद्धा, कारण आपल्याकडे चार चार गोळ्या कापून देतात आणि नाव नेमकं कापलेल्या बाजूला जातं. नियम केंद्राचा आहे हे मला माहीत आहे, पण राज्य सरकार मागणी तर करू शकतं. तोपर्यंत निदान मेडिकलवाल्यांनी कंपनी बदलून देताना तोंडानं सांगावं की आधीची आणि ही एकच, दोन्ही घेऊ नका, आणि जमल्यास पाकिटावर पेनानं तसं लिहावं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नवीन गोळी लिहिताना कुठली बंद करायची त्याची वेगळी ओळ लिहावी, "अमुक बंद" अशी, मराठीत.

आणखी एक, सरकारी केंद्रात. तिथं औषधं सुटी देतात, आधी ॲम्लोडिपिन, नाही भागलं तर टेल्मिसार्टन जोडतात, मग लघवीची गोळी. त्या लोकांच्या कामाबद्दल मला फक्त आदर आहे, आमच्या आशाताई उन्हातान्हात घरोघर फिरतात. पण आता जगभर एका गोळीचा आग्रह आहे आणि आपल्याच देशातल्या अभ्यासात ती इतकी चांगली ठरलीय, तर उपकेंद्रात ही जोडीची गोळी का मिळू नये? ज्या बाईला बीपीच्या तीन, साखरेच्या दोन, थायरॉइडची एक अशा गोळ्या आहेत ती कंटाळून पहिल्यांदा बीपीचीच सोडते, कारण बीपी दुखत नाही. आणि सरकारी कार्डावर खासगी डॉक्टरची गोळी लिहायला एक रकाना ठेवा, आणि खासगीत जाताना ते कार्ड न्यायचंच असं आशाताईंनी सगळ्यांना सांगावं. आमचं कार्ड देव्हाऱ्याखाली राहिलं नसतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची मिश्र गोळी चालू असेल तर कृपा करून माझं वाचून ती बंद करू नका. डबा उघडा, घरातल्या वाचता येणाऱ्या पोराला बसवा, प्रत्येक पाकिटाच्या मागचं नाव कागदावर मराठीत उतरवा, एकच नाव दोनदा आलं तर डॉक्टरांना तो कागद दाखवा. दुखण्याच्या गोळ्यापण त्याच कागदावर लिहा. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या आणि लघवीची गोळी चालू असेल तर लगेच डॉक्टरांना विचारा, कारण शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं. घरात सून-लेक गरोदर असेल किंवा राहायचा विचार असेल आणि तिला बीपी असेल तर टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी तिला चालत नाही, बाळाला धोका असतो, ते आधीच सांगा. आणि "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनबरोबर ते न विचारता खाऊ नका. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहिलं.

आईला आता रोज एक गोळी आहे, टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५, दोन्ही एकात, लघवीची काढून टाकली. सरकारी बंद केली तशी नोंद कार्डावर ताईंनी स्वतः लाल पेनानं केली. बीपी १३०-१३४ च्या आसपास असतो, पाय सुजत नाहीत, सोडियम दोनदा बघितलं, चांगलं आहे. माझ्या हातचा कागद तिच्या पर्समध्ये असतो, मोठ्या अक्षरात दोन ओळी.

मागच्या महिन्यात मी गावी गेले होते तेव्हा गोळ्या आणायला तालुक्याला तिच्याबरोबर गेले. त्या मुलानं पुन्हा दुसऱ्या कंपनीचं पाकीट पुढे केलं. आईनं पर्समधला कागद काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "बाळा, ह्यात ही दोनच आहेत ना? तिसरी काही नाही ना?" मुलानं पाकीट उलटं केलं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं, मग मोबाइलची बॅटरी लावली, तरी त्याला दिसेना. शेवटी त्यानं फोटो काढला, बोटांनी मोठा केला, कागदाशी ताडून बघितला आणि म्हणाला, "हो आजी, दोनच आहेत."

आपली,
एक वाचक, पुणे
(मूळ गाव कोरेगाव तालुका, जि. सातारा)